मालकांच्या नावाचे बाक

दान दिलेल्याला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवते. दान देणारा माझा पोटचा लेक, ज्यांच्या नावानं दिलं ते माझे मालक, आणि ज्या वर्गात दिलं त्यात शिकणारी माझी नात. आता मी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?

पण एकदम भांडणावर आले तर तुम्हाला काही कळायचं नाही. आधीपासून सांगते.

लेक सांगलीला असतो. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर कामाला आहे. घरी आला की शर्टाला हळदीचा वास, लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी नवरदेवासारखा. सून दवाखान्यात नर्स. दोघांची ही एकच मुलगी. तिला इंग्रजी शाळेत घातलेलं, टाय, बूट, पिवळी व्हॅन, सगळं. आणि पहिल्या महिन्यापासून शाळेची एकच तक्रार: मुलगी एका जागी बसत नाही.

मला तर ही तक्रार कळेचना. सहा वर्षांचं पोर गप बसलं तर आई त्याच्या कपाळाला हात लावून बघते, ताप आहे का म्हणून. आमच्याकडं कालवड उड्या मारायची थांबली की आम्ही डॉक्टर बोलावतो. आणि इथं पोर उड्या मारतंय म्हणून डॉक्टरला दाखवा म्हणतात!

एकदा सुनेची ड्यूटी होती म्हणून पालकसभेला मी गेले. वर्गाच्या दारात जरा उभी राहिले. आत भरगच्च पोरं, आणि आवाज म्हणून नाही. प्रत्येकाची हाताची घडी, तोंडावर बोट. मी लहान असताना आम्हाला असंच बसवायचे, मला वाटलेलं ते आता गेलं असेल. गेलं कुठलं! पंखे आले, फळ्याच्या जागी टीव्ही आला, पण बोट आपलं तोंडावरच.

मॅडम गोड बोलल्या. "आजी, ती फार रेस्टलेस आहे. सारखे पाय हलवते."

म्हटलं, "पाय हलवू द्या की. डोकं चालतंय का?"

"म्हणजे?"

"म्हणजे शिकतीय का?"

"तेच तर. शिकत नाही, कारण बसत नाही."

झालं. बसत का नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. गाडी बसण्यापासून निघायची आणि बसण्यावरच येऊन थांबायची. शाळेत बस, व्हॅनमध्ये बस, घरी आलीस की ट्यूशनला बस. दुसरी संपली तरी पोरीला ना धड मराठी वाचता येत होतं ना इंग्रजी. सून एकदा रडवेली होऊन मला म्हणाली, "आत्या, वर्षभर हिला गावाकडं घेऊन जावा. एक दिवस माझ्या हातनं मार बसंल हिला." लेकाला पटलं नव्हतं. "मराठी शाळेत घालून काय करायचंय?" असं तो म्हणालाच. पण तोही थकला होता. ठरलं असं, की एक वर्ष बघायचं, जमलं तर ठीक, नाहीतर जूनला परत सांगली, तीच शाळा, तेच बसणं.

अशी नात माझ्याकडं आली, तिसरीला.

आमचं गाव औंधपासून लांब नाही. शाळा जिल्हा परिषदेची, दोनच खोल्या. पहिली-दुसरी हेडमास्तरांकडं, तिसरी-चौथी एका तरुण बाईंकडं. बाई मेढ्याकडच्या, डोंगरातल्या. रोज डोंगर उतरून शाळेला जायचं आणि संध्याकाळी चढून घरी यायचं, असं शिकलेल्या. त्यामुळं असेल, बसण्याचं त्यांना काही अप्रूप नव्हतं.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि मी नातीला आणायला जरा लवकरच गेले. वर्गातून थड थड आवाज. खिडकीतून बघते तर बस्करपट्ट्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या आणि शहाबादी फरशीवर फळ्यापासून दारापर्यंत खडूची लांब रेघ, तिच्यावर आकडे. एक पोरगं आकड्यावर उभं. बाई म्हणायच्या, "चल, पाच पुढं." पोरगं उड्या मारत जायचं आणि जिथं पोचेल तो आकडा मोठ्यानं सांगायचं. वजाबाकी असली की उलटं चालायचं, मागं न बघता. बाकीची पोरं ओरडून सांगायची, "आरं चुकलास, एक पाऊल जास्ती गेलास!" आणि ते पोरगं हसत एक पाऊल परत यायचं. चुकल्याचं हसू! मी तर तिथंच खिडकीला चिकटले.

जोडाक्षरं अशीच. 'वस्ती' शब्द असला तर एक मुलगी 'व', एक पोरगं 'स', एक 'ती'. 'स' अर्धा, म्हणून त्यानं एका पायावर उभं राहायचं आणि पडू नये म्हणून 'ती'च्या खांद्याला धरायचं. अर्धं अक्षर पुढच्याला का चिकटतं, हे मला माझ्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. इथं ते दिसत होतं की, एका पायावरचं माणूस धरणार नाही तर काय करेल!

आणि एकदा तर सगळा जिल्हा मांडला होता वर्गात. टेबलापाशी महाबळेश्वर. एक मुलगी कृष्णा झाली आणि वाईवरून निघाली. एक वेण्णा, ती मेढ्यावरून येऊन माहुलीला तिला भेटली. माझी नात कोयना. ती पाटणवरून भिंतीच्या कडेकडेनं वळत वळत आली आणि कराडला दोघींनी अशी मिठी मारली, की कृष्णा खालीच पडली. मग सगळ्या मिळून सांगलीकडं. दाराशी पोचल्यावर नात ओरडली, "बाई, इथं आयर्विन पूल! इथनं माझं घर दिसतं!" वर्ग सगळा हसला. तिला त्या क्षणी कुणी रेस्टलेस म्हणून दाखवायचं होतं.

आणि एवढं झाल्यावर बाई म्हणायच्या, "बसा आता, लिहा," तर पोरं बसायची. माझी नातसुद्धा. पाय घेऊन यायला मिळाले होते ना वर्गात, मग बसायला काय जातंय?

मला ह्यात नवल वाटलं नाही. मी चौथी शिकलेली बाई, पुढचं सगळं मिळेल ते कागद वाचून शिकले. पण पाढे शाळेत पाठ झाले नाहीत. ज्वारी दाण्यात आली की मला पाखरं राखायला माळ्यावर चढवायचे. हातात गोफण. नुसतं 'हो हो' ओरडून कंटाळा यायचा, म्हणून मी पाढेच ओरडायचे, एकेका दगडाला एकेक ओळ. पाखरं उडाली आणि पाढे राहिले. त्यात माझी हुशारी काही नाही, हात चालला की तोंड चालतं, एवढंच.

पण गावाला हे कोण सांगणार? गिरणीत दळण टाकायला गेले की बायका, "काय ओ काकी, तुमची नात सांगलीची शाळा सोडून हितं नाचाय आली म्हणं!" मी म्हणायचे, "व्हय, तुमची पण पाठवा, दळणाच्या रांगंत उभी राहून कटाळली असतील." हसायच्या. पण टोमणा तो टोमणाच.

दिवाळीच्या आधी मी तिला घेऊन औंधच्या स्टँडवर उभी होते. एसटी आली. नात पाटी वाचायला लागली. 'मार्गे' शब्दाशी आली आणि भर स्टँडवर एका पायावर उभी राहिली, हातानं माझा पदर धरला आणि वाचलं, "मा-र्गे". एक म्हातारा म्हणाला, "पोरीला पायात काटा गेला काय?" म्हटलं, "न्हाई ओ बाबा, काटा निघाला."

दिवाळीला लेक आला. नातीनं त्याला पेपर वाचून दाखवला, अडखळत, पण वाचला. लेक उठून मागं टाकीवर गेला आणि लय वेळ तोंड धूत बसला. मला बरं वाटलं. आता ह्याच्या डोक्यातली जूनची सांगली गेली म्हटलं.

पण आमच्या भागातल्या माणसाला आनंद झाला, की तो आनंद गप ठेवून चालत नाही. त्याला देऊळ रंगवायचं असतं, कमान बांधायची असती, कुणाच्या तरी स्मरणार्थ काहीतरी द्यायचं असतं. शाळेतलं पंख्याचं पातं बघा, पाण्याची टाकी बघा, घड्याळ बघा, सगळ्यांवर कुणी ना कुणी कैलासवासी. पोरीला वाचता यायला लागलं म्हणून माझ्या लेकानं शाळेला बाक दिले! ज्या शाळेनं तिला उभं राहून वाचायला शिकवलं तिला बसायला बाक! मला एका शब्दानं विचारलं नाही. "आई, तुला सरप्राईज द्यायचं होतं," म्हणे.

विचारलं कुणाला? सुभेदार भावजींना. हे माझ्या मालकांचे फौजेतले जोडीदार, आता शाळेच्या समितीचे अध्यक्ष. माणूस सरळ, गावाला उपयोगी, पण सरळ म्हणजे इतका सरळ की त्यांना आंबासुद्धा लाइनीत लावलेला आवडतो.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, नारळ फुटला, मला शाल घातली, फोटो काढले. वर्गात नेलं, बघते तर ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी बाक, ओळीनं. प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात माझ्या मालकांचं नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. नाव इथं लिहीत नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच, आता लिहून काय घेऊ. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला सांगू. मग खाली लक्ष गेलं. बाकाचे पाय फरशीत बोल्टनं ठोकलेले.

"भावजी, हे ठोकलंत कशाला?"

"पोरं वढत्यात वैनी, फरशीचा सत्यानाश करत्यात. आता बघा, एक इंच हलायचं न्हाई. डिसिप्लिन!"

खडूची रेघ बाकांच्या पायांखाली गेली होती. पोरं आपापल्या जागी बसली होती, हाताची घडी घालून, कारण सुभेदारांनी तसं बसा म्हणून सांगितलेलं. बाई टाळ्या वाजवत होत्या, पण बघत होत्या फरशीकडं.

पुढचे दिवस मी डोळ्यानं बघितले. बाईंनी नेटानं करून बघितलं. बाकांच्या मधल्या बोळात उड्या मारायच्या म्हटलं तर पोरांच्या नडग्या सोलवटून निघाल्या. बाहेर पटांगणात नेलं तर हेडमास्तरांच्या वर्गाला आवाज, आणि डोक्यावर ऊन. सुभेदार रोज फिरायला निघाले की शाळेवरून जायचे आणि खिडकीतून, "बाई, इतकं चांगलं बाक आस्ताना पोरं उन्हात का भाजताय? लोक काय म्हणतील, दान केलं आन् वापरंना!" शेवटी बाईंनीही पोरांना बसवलं. काय करतील?

नातीचं सकाळी पोट दुखायला लागलं. आधी एक दिवस, मग रोजच. मला सांगलीची शाळा आठवली. एकदा तिला जवळ घेऊन विचारलं, "काय झालंय बाळा, बाई रागावल्या का?"

"न्हाई."

"मग?"

"आज्जी, सात आणि आठ बाकाखाली गेलेत."

मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. फरशीवरच्या रेघेवर ज्या जागी ती सात आणि आठला उभी राहायची त्या जागेवर आता माझ्या मालकांच्या नावाचा बाक होता.

त्याच आठवड्यात लेकाचा फोन. चाचणीचे मार्क त्याला कळले होते. "आई, बघ, परत तसंच. एवढं बाक-बिक सगळं करून दिलं तरी. जूनला घेऊन जातो मी तिला. मराठी शाळेची गंमत संपली." म्हणजे ज्या बाकांनी पोरीचं नुकसान केलं तेच बाक आता शाळेच्या विरुद्ध साक्षीला उभे! मी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

आधी बाईंकडं गेले. म्हटलं, "बाई, तुमी बोला की समितीत. वर्ग तुमचा हाय."

बाई म्हणाल्या, "आज्जी, मी कशी बोलू? मी बाहेरची. दान नको म्हटलं तर म्हणतील, मास्तरणीला माज आला. आणि नाव तुमच्या घरातलं आहे त्यावर. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिले."

ऐकलंत? माझ्या मालकांच्या नावानं त्या बाईंच्या तोंडावर बोट ठेवलं होतं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला गप्प बस म्हटलं नाही, त्याच्या नावानं!

तिथनं तडक सुभेदारांच्या अंगणात. खुर्चीत बसून ते पेपर वाचत होते.

"भावजी, बाक उकलायचं."

"काय?"

"बोल्ट काढा. वर्ग मोकळा करा. पोरांना हलाय जागा न्हाई."

"वैनी, डोकं ठिकाणावर हाय का? तुमच्या मालकाचं नाव हाय त्याच्यावर!"

"म्हणूनच मी आले. दुसऱ्याच्या मालकाचं असतं तर मला कुणी विचारलं असतं?"

"शाळा म्हंजे शिस्त. पोरं वर्गात उड्या मारत्यात, ही काय शाळा झाली? तमाशा हाय ह्यो."

"तुमी फौजंत गेला तवा तुमाला बंदूक बाकावर बसवून शिकवली व्हय? तोंडावर बोट ठेवून परेड शिकलात? सकाळी उठून मैदानात पळवलं तवा शिकलात न्हवं? मग तुमाला पळवून शिकवलं ती शिस्त, आन् आमच्या पोरीला उडी मारून शिकवलं तर तमाशा?"

आतून त्यांच्या सूनबाई हसल्याचा आवाज आला. भावजींनी पेपर पुन्हा उघडला. "दिलेलं दान हलवत न्हाईत वैनी. घराला दोष लागतो. पितर कोपत्यात."

"पितराचं मी बघून घेते. कोपायचा असता तर जित्ता असताना कोपला असता, माझ्या हातचं खाऊन."

पण ते हलले नाहीत. मग मी पालकसभेची वाट बघितली. सभा नेहमी पटांगणात सतरंजीवर होते. मी हेडमास्तरांना म्हटलं, "गुरुजी, एवढे बाक आलेत, आज सभा वर्गात घ्या की. देणाऱ्यांना बरं वाटेल." ते भाबडेपणानं हो म्हणाले.

सगळी मोठी माणसं पोरांच्या बाकात. गुडघे हनुवटीला. बाक पुढं सरकत नाही, मागं सरकत नाही, ठोकलेला. सुभेदारांचा एक गुडघा आधीच धरलेला, तो बाहेर बोळात आला की समोरच्याच्या पाठीत लागायचा. हेडमास्तर शाळेचा अहवाल वाचत होते. थोड्या वेळानं सुभेदार उठायला लागले.

मी मागनं म्हटलं, "भावजी, बसा. सभा चालू हाय."

"पाय आखडला वैनी, जरा हलवतो."

"हलायचं न्हाई. एक इंच न्हाई."

बायकांत हशा पिकला. भावजींचं तोंड लाल झालं. एक बाई उठली, माझ्यासारखी नातीला सांभाळणारी नाही, चांगली दोन पोरांची आई. म्हणाली, "हसताय काय, माझा बारका रोज दिवसभर असाच बसतोय. घरी आला की गुरागत उधळतोय. पयलं घरी येऊन पाढं म्हणून दाखवायचा." दुसरीही बोलली. मी तेव्हा उगाच जास्त बोलले नाही, त्यांना बोलू दिलं.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "काकू, समितीनं ठराव केला तरी देणाऱ्याची हरकत नको. तुमच्या मुलाचं हो आणा."

म्हणजे फिरून गाडी माझ्या घरी.

सुभेदारांनी फोन करून लेकाला आधीच सगळं सांगितलं होतं. तो शनिवारी आला ते बूट न काढताच बोलायला लागला. "आई, तू बाबांचं नाव शाळेतनं काढायला निघालीस? गावात तोंड दाखवू का नको मी? मी पोरीसाठी दिलं ते!"

"पोरीसाठी दिलंस, पोरीला विचारलंस?"

"तिला काय कळतंय?"

"तिच्या पायाखालचं तिला कळत न्हाई आन् तुला सांगलीत बसून कळतंय?"

त्यानं नातीला हाक मारली. खुर्चीवर बसवलं. "सरळ बस. सातचा पाढा म्हण." पोरीनं हात मांडीवर ठेवले. सात एके सात, सात दुणे चौदा, आणि पुढं गाडी थांबली. ओठ हलायचे, आवाज नाही. डोळ्यांत पाणी. "बघ," लेक मला म्हणाला, "बघ तुझी मराठी शाळा. जूनला मी नेणार म्हणजे नेणार." आणि बाहेर पडवीत जाऊन बसला, फोन बघत.

मला त्याचा इतका राग आला होता, की मी चहासुद्धा टाकला नाही. पोर गुपचूप उठून परड्यात गेली. तिथं न्हाणीपासून गोठ्यापर्यंत चिखलात पाय टाकायला फरश्यांचे तुकडे टाकलेले आहेत. तिचं ते ठरलेलं, मन थाऱ्यावर नसलं की त्यांच्यावर उड्या मारत राहायची. मारायला लागली. तोंडानं पुटपुटत होती. मी चुलीपाशी होते, लेक पडवीत, दोघांनाही ऐकू येत होतं. सात त्रिक एकवीस. सात चोक अठ्ठावीस. फरशीमागून फरशी. "सात आठे चोपन्न" म्हणाली, आणि थांबली. एक फरशी मागं गेली. जरा उभी राहिली, बोटं हलवली, आणि पुढं उडी मारली. "छप्पन्न." मग पुढचं सगळं सरळ, गोठ्यापर्यंत.

लेकानं फोन खाली ठेवला होता. मला वाटलं, आता माफी मागेल, गळ्यात पडेल. कसला! मराठ्याचं पोर ते. "बाबांचं नाव उकिरड्यात नाही टाकायचं," एवढंच म्हणाला.

"तू सांग कुठं ठेवायचं."

त्यानं आता कुठं बूट काढले. शेवटी मीच म्हटलं, "एसटी थांबतीय तिथं लिंबाखाली म्हातारी माणसं दगडावर बसत्यात. बसणं हे ज्यांचं कामच हाय त्यांना दे की बाक. दुवा देतील."

रविवारी सकाळी तो सुभेदारांकडं पाना मागायला गेला. भावजींनी पाना दिला नाही, स्वतः घेऊन आले. "तुमाला बोल्ट काढता यायचं न्हाईत, फरशी फोडशीला," म्हणत गुडघा धरून खाली बसले. दोन-तीन बाक त्यांनी भिंतीला लावून मोकळे ठेवायला लावले, दमलेल्या पोरांना आणि लिहायला. त्याला मी नाही म्हटलं नाही, बाईही नाही म्हणाल्या नाहीत. बाकीचे ट्रॉलीत घालून लिंबाखाली गेले. आता गावाला कुणी पाहुणा येवो, माझ्या मालकांवर बसूनच एसटीची वाट बघतो. शाळेपेक्षा तिथं त्यांचं नाव जास्त लोक वाचतात, हे लेकाला आता पटलंय. मला तो अजून घुश्शातच बोलतो. बोलू दे. भलेपणानं केलेली चूक दाखवली की माणसाला दुप्पट राग येतो, आणि माझाही अजून उतरलेला नाहीच.

जूनला लेक आला आणि सांगलीचं नाव काढलं नाही. नात चौथीला इथंच आहे. फरशीवरची रेघ आता बाईंनी ऑइलपेंटनं मारून घेतलीय.

पण चौथीनंतर गावात शाळा नाही. पाचवीला शेजारच्या मोठ्या गावच्या हायस्कुलात जायचं. कुणी मला सांगितलं नव्हतं, तरी मी परवा बाजाराच्या दिवशी तिथं वाट वाकडी करून गेले. शाळा सुटलेली. वर्गात ओळीनं बाक. मी आत जाऊन एकाला हात लावला आणि जोरात ओढला. कर्रकन आवाज झाला. शिपाई धावत आला, "ओ आज्जी, काय करताय?"

म्हटलं, "काय न्हाई बाबा. हलतोय का ते बघितलं."

"हलतोय की."

"बरं हाय. इथं शिकवणारं कोण हाय, भेटतील का आत्ता?"